विदरीच्या जोगिणीची पोथी

विदरी, एप्रिल १६०५

प्रिय अँब्रोजदादा,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, जागा संपली म्हणून कडेला आडवं लिहिलेलं, आणि एवढ्या मजकुरात 'जुडिथ, तू कशी आहेस' एवढं विचारायला मात्र तुला जागा सापडली नाही. असो. तू विचारलंस असं समजून सांगते.

बरी आहे. रॉबर्ट गेल्यावर शहरातलं दुकान दिरांनी घेतलं आणि हे गावाकडचं घर माझ्या वाट्याला आलं, ते तुला ठाऊकच आहे. घर ओलं आहे. भिंतीला हात लावला की बेडकाला लावल्यासारखं वाटतं. पण मागं तळं आहे, माझी बदकं आहेत, आणि शेजार चांगला मिळाला.

शेजार म्हणजे उर्सुला आजी. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण जीभ विशीतली. गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही, की ती इथल्या मठात जोगीण होती. हेन्री राजानं मठ मोडले तेव्हा ती सोळा वर्षांची होती, व्रत घेऊन वर्षही झालं नव्हतं. बाकीच्या जोगिणी माहेरी गेल्या, काहींनी लग्नं केली. हिला माहेर नव्हतं. ती इथंच राहिली, लोकांच्या मधमाश्या सांभाळल्या, आणि ज्या भिंतींच्या आत राहायची त्यांचे दगड गावकऱ्यांच्या गोठ्यांत गेलेले बघत म्हातारी झाली.

डोळे गेलेत तिचे. रोज सकाळी मी तिच्याकडे जाते आणि तिच्या पोथीतलं वाचून दाखवते. मठातली प्रार्थनेची पोथी आहे. वर्षाच्या प्रत्येक दिवसापुढं त्या दिवशी वारलेल्या जोगिणींची नावं लिहिलीत. बाबांनी तुझ्याबरोबर मलाही अक्षरओळख करून दिली, तिचा उपयोग शेवटी हा झाला. मी नाव वाचते, आजी त्या बाईसाठी दोन शब्द पुटपुटते, मग मला मधाची पोळी देते. मेलेल्यांसाठी अशी प्रार्थना आता मना आहे; आपल्या पाद्रीबुवांना कळलं तर त्यांना भोवळ येईल. पण त्यात पाप आहे असं काही मला वाटत नाही.

तुझा खोकला कसा आहे?

तुझी
जुडिथ

*

फेनहॉल, मे १६०५

प्रिय जुडी,

खोकला आहे तसाच आहे. त्याचं सोड. विदरी मठाची पोथी! आणि हे तू मधाची पोळी आणि बदकं यांच्या मध्ये सांगतेस!

अगं, विदरीचा ग्रंथसंग्रह कुठं गेला याचा शोध मी चाळीस वर्षं घेतोय. मठ मोडला तेव्हा तिथं चाळीस तरी पोथ्या असणार. त्यातलं एक पान, फक्त एक, माझ्याकडे आहे. ते मला कुठं मिळालं सांगू? मी तरुण असताना एका वाण्यानं मला त्यात मिरी बांधून दिली. घरी येऊन पुडी सोडली तर आत निळा रंग आणि सोन्याचा वर्ख, आणि मधोमध मिऱ्यांचे डाग. धावत परत गेलो. वाणी म्हणाला, "साहेब, उशीर केलात. आख्खं पुस्तक होतं, ईस्टरला म्हणा, नाताळाला म्हणा, गिऱ्हाइकी फार, संपलं." त्या दिवशी मी रस्त्यात उभा राहून रडलो, जुडी. बाबांना वाटलं कुणा मुलीनं नाही म्हटलं.

त्या दिवसापासून मी हे काम धरलं. लोक हसतात. म्हणतात थर्लबीला बायको नाही, मूल नाही, चामड्याच्या वासावर जगतो. पण मी उचलल्या नसत्या तर या सहाशे पोथ्यांची आज बुटांची अस्तरं झाली असती.

तेव्हा ऐक. पोथी केवढी आहे? बांधणी कसली? पहिल्या पानावर चित्र आहे का? तिला ओल लागू देऊ नकोस. चुलीजवळ ठेवत असतील तर आजच्या आज हलवायला सांग. आणि आजींना विचार, त्या ती मला द्यायला तयार आहेत का. त्या म्हणतील ते मी देईन.

तुझा
अँब्रोज

*

विदरी, जून १६०५

प्रिय दादा,

विचारलं. आजी मधाचं पोळं पिळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, मला म्हाताऱ्या नवऱ्याची हौस नाही."

मी म्हटलं, "आजी, तो तुम्हाला नाही, पोथीला मागणी घालतोय."

"तेच ते. एकीला नेलं की दुसरी जाणारच मागनं."

नंतर हात धुऊन नीट बसली आणि सांगितलं. मठ रिकामा करायला माणसं आली तेव्हा मोठ्या आईनं, म्हणजे मठाच्या प्रमुखीणबाईंनी, ही पोथी तिच्या हातात दिली होती. तीच सगळ्यांत लहान, सगळ्यांत जास्त दिवस तीच जगणार, म्हणून. "मला म्हणाल्या, नावं रोज वाचायची. एवढंच सांगितलं. किती वर्षं ते नाही सांगितलं." आणि हसली.

तर उत्तर 'नाही' असं आहे. पोथी बोटभर जाडीच्या दोन फळ्यांत बांधलेली, वर निळं चामडं, कोपरे झिजलेले. पहिल्या पानावर एक बाई आणि मांडीवर मूल आहे, मागं आपल्याकडच्यासारखंच सपाट शिवार. चुलीपासून लांब असते. समाधान झालं?

तू स्वतः का येत नाहीस? मी इथं राहायला आल्यापासून तू एकदाही आला नाहीस.

जुडिथ

*

फेनहॉल, ऑगस्ट १६०५

प्रिय जुडी,

घरी सुखरूप पोचलो. तुझ्याकडचे चार दिवस फार छान गेले. ईल माशाची ती कढी अजून जिभेवर आहे.

तू बाजाराला गेली होतीस त्या सकाळी मी एकटाच आजींकडे बसलो होतो, ते तुला सांगायचं राहिलं. त्यांनी मला पोथी हातात घेऊ दिली. मला विचारलं, "किती आहेत रे तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "सहाशेवर असतील."

"अबब. आणि वाचतोस कधी?"

मी म्हटलं, "वाचायला पुढं माणसं येतील, आजी. मी फक्त त्या तोवर टिकाव्यात म्हणून धडपडतोय." त्यावर त्यांनी मान हलवली. मला वाटतं पटलं असावं त्यांना. हुशार बाई आहे. तिला मी आवडलो, असंही मला वाटलं.

तो निळा रंग, जुडी! त्या बाईच्या झग्याचा निळा! माझ्या मिऱ्यांच्या पानावरचा तोच निळा, तोच हात. चित्र काढणारी एकच जोगीण असणार. इथं आल्यापासून मी ते पान काढून ठेवलंय आणि सारखं बघतोय.

तुझा
अँब्रोज

*

विदरी, सप्टेंबर १६०५

प्रिय दादा,

आजीला तू आवडलास हे खरं आहे. पण तू जे लिहिलं नाहीस तेही तिनं मला सांगितलं. तू तिला म्हणालास, की तुम्ही किती दिवसांच्या सोबती, मेल्यावर पोथी कुणाच्या तरी बुटात जाईल, आत्ताच कागद करून द्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला तिच्या तोंडावर असं सांगतात का रे?

ती रागावली नाही. म्हणाली, "तुझा भाऊ वाईट नाही. पण पोथी धरली तेव्हा त्याचा श्वास ऐकला मी. भुकेल्या माणसाचा असतो तसा होता. जपून राहा म्हणावं. भूक चांगल्या माणसालाही लागते."

ती गेल्यावर काय करायचं ते मी बघेन. मला तिनं तसं सांगितलंय. तोवर हा विषय बंद.

जुडिथ

*

विदरी, नोव्हेंबर १६०५

प्रिय दादा,

लंडनची बातमी तुझ्याकडेही पोचली असेल. पार्लमेंटच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपं सापडली, राजासकट सगळ्यांना उडवणार होते म्हणे. करणारे सगळे जुन्या धर्माचे, पोपला मानणारे. आता प्रत्येक गावात जुन्या धर्माचं माणूस शोधत फिरताहेत. पलीकडच्या गावात एका सुताराच्या घरात जपमाळ सापडली, त्याला बांधून नेलं. सुतारानं उभ्या जन्मात बंदुकीची दारू बघितली नसेल.

आजीला म्हटलं, पोथी थोडे दिवस माझ्याकडे लपवू. नाही म्हणाली. "अगं, माझ्याकडे कोण येतंय? गावाला सगळं माहीतच आहे, आणि बाहेरच्या कुणाला काही माहीत नाही."

बाहेर हे फक्त तुला माहीत आहे, दादा. तुझ्या पुस्तकवाल्या मित्रांपैकी कुणापाशीही बोलू नकोस. पोथी नाही, आजी नाही, विदरीचं नावही नाही. तसं लगेच लिहून कळव, म्हणजे मला झोप लागेल.

जुडिथ

*

फेनहॉल, डिसेंबर १६०५

प्रिय जुडी,

निर्धास्त झोप. मी बोलणार नाही. मलाही काळजी आहेच; माझ्या कपाटांत जुन्या धर्माच्या पोथ्या काही कमी नाहीत, आणि आजकाल सोन्याची अक्षरं बघितली की लोकांना त्यात कट दिसतो.

नाताळाला सर निकोलस ट्रॅविककडे जेवायला बोलावणं आहे. तू त्यांना ओळखत नाहीस. तुझ्या भागाचे न्यायाधिकारी आहेत, पण माणूस रसिक. स्वतःही पोथ्या जमवतात, माझ्याइतक्या नाहीत. गप्पा रंगतील.

खोकला वाढलाय. मधाचा उपयोग होतो का विचार आजींना.

तुझा
अँब्रोज

*

फेनहॉल, जानेवारी १६०६

जुडी, माझी गुणी बहीण!

आली! पोथी आली! सर निकोलसांचा माणूस दुपारी घोड्यावरून आला, तागाच्या कापडात गुंडाळलेलं बोचकं माझ्या हातात दिलं, म्हणाला, "विदरीहून आहे, साहेबांच्या शुभेच्छांसह," आणि गेला. मी उघडलं आणि पहिलं पान खिडकीशी उजेडात नेलं. बर्फाच्या दिवसांत वाटेवर विश्वासाचा माणूस हवा म्हणून तू त्यांच्याकडे सोपवलीस, हे माझ्या लगेच लक्षात आलं. किती विचार केलास!

आजींचं मन कसं वळवलंस? की हे दिवस बघून त्यांनाच वाटलं, माझ्याकडे ती सुरक्षित राहील? त्यांना माझा नमस्कार सांग. सांग की ती माझ्या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर आहे, कोरड्या जागी. सांग की त्यांच्या मठाचं हरवलेलं पान मी त्यांच्या पोथीशेजारी ठेवलं, आणि दोन्ही निळे अगदी एक आहेत.

चाळीस वर्षांनी आज मला असं वाटतंय की त्या वाण्याच्या दुकानी मी वेळेवर पोचलो.

तुझा सदैव ऋणी
अँब्रोज

*

विदरी, जानेवारी १६०६

दादा,

मी तुला पोथी पाठवलेली नाही.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण माझ्या दारात माणूस बसवला होता आणि पत्रं नेणारा माझ्या घराकडे फिरकत नव्हता. आता ऐक.

नाताळ होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळची वेळ. मी आजीकडे बसले होते, पोथी माझ्या मांडीवर. 'ॲग्नेस, स्वयंपाकघर सांभाळणारी' असं नाव वाचलं आणि आजी म्हणाली, "हिच्या हातची खीर..." तेवढ्यात दार ढकलून चौघं आत आले. पुढं आपला गावचा कोतवाल टोबायस, मान खाली. मागं तिघं परके. त्यांनी झडती घेतलीच नाही, दादा. भांडं उघडलं नाही, गादी उलटली नाही. त्यांच्यातला मोठा सरळ म्हणाला, "निळ्या चामड्याची, पहिल्या पानावर बाईचं चित्र असलेली पोथी कुठंय?"

माझ्या मांडीवरून उचलली. मी धरून ठेवली तर बोटं एकेक करून सोडवली.

आजीनं विचारलं, "टोबायस, तू आहेस ना रे? तुझ्या बापाला गांधीलमाशा चावल्या होत्या तेव्हा मी लेप लावला होता." टोबायस म्हणाला, "आजी, मला नका बोलू काही." आणि बाहेर जाऊन ओकला.

आजीला बैलगाडीतून शहरातल्या तुरुंगात नेलं. राजाची शपथ घे म्हणतात. ती म्हणते, राजाला मी रोज आशीर्वाद देते, पण तुम्ही लिहिलेली शपथ माझ्या मोठ्या आईला दिलेल्या शब्दाविरुद्ध आहे, ती मी घेणार नाही. खाली दगडावर पेंढा आहे आणि वरून पाणी गळतं. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा घोंगडी देऊ दिली. दुसऱ्यांदा मलाच विचारलं, तू तिच्याकडे काय वाचायचीस?

त्यांना चामड्याचा रंग ठाऊक होता, चित्र ठाऊक होतं. मी गावातल्या एकेका माणसाकडे संशयानं बघत होते. काल तुझं पत्र आलं आणि त्यात सर निकोलसांचं नाव आलं.

तू त्यांना काय सांगितलंस?

जुडिथ

*

फेनहॉल, जानेवारी १६०६

जुडी,

तुझं पत्र हातात आहे.

सांगितलं. जेवणाच्या टेबलावर. निकोलस त्यांची एक नवी पोथी दाखवत होते, भिकार काम, आणि सगळे वाहवा करत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, की खरा निळा बघायचा तर विदरीच्या एका झोपडीत बघा. एवढंच. पुढं त्यांनी विचारलं, चित्र कसलं, बांधणी कसली, आणि मी बोलत गेलो. रसिक माणूस विचारतोय असं मला वाटलं. दारू प्यालो होतो असं म्हणावं तर फारशी प्यालोही नव्हतो.

मी त्यांना लगेच पत्र लिहिलं. उत्तर आलंय. ते म्हणतात, कर्तव्य टळत नव्हतं, पण पोथी जाळायचा हुकूम असताना ती मला पाठवून त्यांनी मैत्री राखली. आजींबद्दल म्हणतात, एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थानं स्वतः न्यायालयात उभं राहून जामीन घेतला तर म्हातारीला घरी सोडता येईल. तो गृहस्थ मी व्हावं.

मी होणार आहे. मी पोथीही परत आणणार आहे. आजींच्या हातात देणार आहे.

फक्त थोडा अवधी दे. ती पुन्हा त्या गावात गेली की पुन्हा पकडली जाणार आणि या वेळी नक्की जाळली जाणार, हे तुलाही दिसतंय. म्हणून तिची नक्कल करून घेतोय. बार्थोलोम्यू नावाचा माझा लेखनिक कामाला बसलाय, पण तो हळू लिहितो आणि मी त्याला घाई करू देत नाही, कारण ती नावं आहेत, चुकली तर ती बाई कायमची गेली. शिवाय, जुडी, मी जामीन उभा राहिलो की माझ्याकडे लोकांचं लक्ष जाणार. त्याआधी माझ्या काही पोथ्या दुसरीकडे हलवायला हव्यात. फेब्रुवारीच्या दोन तारखेचा कँडलमसचा सण झाला की निघतो.

मला क्षमा कर म्हणत नाही. येतो एवढं म्हणतो.

अँब्रोज

*

शहर, फेब्रुवारी १६०६

दादा,

तुरुंगाच्या दारातल्या खानावळीत बसून लिहितेय. कँडलमस होऊन गेला.

आजीला ताप आहे. पहारेकऱ्याची बायको चांगली आहे, मला आत सोडते. पोथी नाही म्हणून मी आठवतील तेवढी नावं म्हणते. मी चुकले की आजी दुरुस्त करते. तिला सगळी पाठ आहेत, दादा. आख्खं वर्ष. मी विचारलं, "मग माझ्याकडून रोज वाचून कशाला घेत होतात?" तर म्हणते, "एकटीनं म्हटलं की पुटपुटणं होतं गं. दोघी असल्या की मठ होतो."

मी जामीन राहते म्हटलं. ते म्हणाले, बाईचा चालत नाही, त्यातून पोथी तुझ्याच मांडीवर सापडली.

तिला सांगितलंय तू येणार म्हणून. काल विचारत होती, "तो श्वासवाला आला का?" मी म्हटलं, वाटेत आहे.

मला खोटं पाडू नकोस. नक्कल राहू दे. पोथ्या राहू देत. पोथीही नको आता. तू ये.

जुडिथ

*

फेनहॉल, फेब्रुवारी १६०६

जुडी,

उद्या पहाटे निघतो. आजच निघणार होतो, पण बार्थोलोम्यू पोथीतल्या सप्टेंबरच्या नावांपर्यंत आलाय, आणि आकाश भरून आलंय. नदीला पाणी आहे म्हणतात, पण पूल शाबूत आहे. आजींना सांग.

अँब्रोज

*

विदरी, सराईतून, मार्च १६०६

जुडी,

पूल नव्हता. वरच्या पुलापर्यंत वळसा घालावा लागला, तिथंही पाण्यात घोडा अडकला. शहरात पोचलो तो थेट तुरुंगाकडे गेलो. पहारेकऱ्याच्या बायकोनं दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुम्हीच का ते भाऊ?" मी हो म्हटलं. म्हणाली, "काल गेल्या. बहीणबाई घेऊन गेल्या त्यांना गावी."

मग मी इथं आलो. तुझ्या दारावर थाप मारली. धूर निघत होता, बदकं आत होती, म्हणजे तू घरात होतीस. हाका मारल्या. लहानपणी तू रुसून माळ्यावर बसायचीस तेव्हा मारायचो तशी हाक मारली. गावातली माणसं दुरून बघत होती, जवळ कुणी आलं नाही. फक्त टोबायस आला आणि म्हणाला, "साहेब, त्या नाही उघडणार." त्यानंच मला सराईत आणून बसवलं.

नक्कल अर्धवट राहिलीय. इथून पुढं ती पुरी करवेल असं वाटत नाही. पोथी माझ्यासमोर टेबलावर आहे. प्रवासात ती मी छातीशी बांधली होती. घोडा बुडत होता तेव्हा माझा पहिला हात लगामावर नाही, तिच्यावर गेला. तेव्हा कळलं, आजी भुकेबद्दल काय म्हणाल्या होत्या ते. निरोप तू मला कळवला होतास. मी वाचला होता, आणि मला वाटलं होतं म्हातारी विनोद करते.

मी एक दिवस आधी निघालो असतो तर पूल होता.

पोथी तुझी आहे. आजींनी तुलाच सांगून ठेवलं होतं. सराईवाल्याकडे ठेवून जाऊ का, एवढं कळव. मी उद्या दुपारपर्यंत इथं आहे.

अँब्रोज

*

विदरी, मार्च १६०६

दादा,

मी आतच होते. कडीवर हात ठेवून उभी होते. दाराच्या एका बाजूला तू आणि एका बाजूला मी, मध्ये बोटभर लाकूड. तुझा खोकला ऐकू येत होता. तो पहिल्यापेक्षा वाईट झालाय. कडी काढावी असं फार वाटलं. हात उठला नाही.

आजीनं शेवटी काही मोठं सांगितलं असं समजू नकोस. तापात होती. मधमाश्यांना थंडीत उघडू नका म्हणत होती. तुझी चौकशी तिनं नंतर केली नाही. पहारेकऱ्याच्या बायकोनं तिचे केस विंचरले. पुरलं तेव्हा टोबायस, मी आणि पाद्रीबुवा. पाद्रीबुवांना भोवळ येईल असं मी एकदा तुला लिहिलं होतं. त्यांनी मान खाली घालून सगळं नीट केलं. माणसाबद्दल आपल्याला काही कळत नाही.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. कधीच मुद्दाम काही केलं नाहीस. तेच मला पेलत नाही. दुष्ट भाऊ असतास तर मी दार उघडून तुला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

पोथी सराईत ठेवू नकोस. घेऊन जा. माझ्या या ओल्या घरात ती दोन हिवाळे टिकणार नाही आणि पुढच्या झडतीत जळेल, हे तू म्हणालास ते खरं आहे. तुझ्याकडे ती राहील. आपण दोघं मरू, सर निकोलस मरतील, राजे बदलतील, आणि कधीतरी कुणी शिकलेला माणूस ती उघडून तो निळा बघेल आणि म्हणेल, अँब्रोज थर्लबी नावाच्या माणसानं ही वाचवली, त्याचे उपकार. आणि ते खरंच असेल, दादा. तू वाचवलीसच. तो माणूस खोटं बोलत असता, तर मला इतकं जड गेलं नसतं.

नक्कल पुरी कर. सप्टेंबरपर्यंत आलेली माणसं मध्येच सोडू नयेत.

मला आता सकाळी काही काम नसतं. उठते, आवरते, शाल अंगावर घेते आणि दाराशी गेल्यावर आठवतं. मग बदकांना दाणे टाकते. त्यांना वाटतं आज लवकर मिळालं.

मधाचं एक मडकं सराईवाल्याकडे पाठवलंय, आजीच्या पोळ्यांचं. गरम पाण्यातून घे, रात्री नाही, सकाळी. वाटेत भिजू नकोस.

उन्हाळ्यात एकदा येऊन बघ. मी दार उघडेन असं मला वाटतं. नक्की सांगत नाही.

तुझी बहीण
जुडिथ